एका रात्रीत वाढलेले वजन कशाचे?

दिवाळीचे चार दिवस उलटल्यावर किंवा लग्नाच्या पंगतीला जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभे राहण्याचे धाडस फार थोडे जण करतात. जे करतात त्यांना काटा एक-दीड किलोने, क्वचित दोन किलोने पुढे सरकलेला दिसतो. बोटातील अंगठी घट्ट झालेली असते, डोळ्यांखाली फुगवटा आलेला असतो आणि मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पोटरीवर नेहमीपेक्षा खोल उमटलेला असतो. महिनाभर घाम गाळून उतरवलेले वजन एका रात्रीत परत आले, अशा समजुतीने मग काही जण दिवसभर उपाशी राहतात, काही जण पाणी पिणेच कमी करतात, तर काही जण औषधाच्या दुकानातून लघवी वाढवणारी गोळी आणून घेतात. यातील पहिले दोन उपाय निरुपयोगी आहेत आणि तिसरा जिवावर बेतू शकतो. वाढलेल्या त्या वजनात चरबीचा वाटा अगदी किरकोळ असतो. बाकीचे बहुतेक पाणी असते, मिठाने अडवून धरलेले. आणि निरोगी शरीर ते दोन-तीन दिवसांत आपण होऊन सोडून देते.

चरबी एका रात्रीत किलोच्या हिशेबाने का वाढत नाही, हे साध्या त्रैराशिकाने कळते. शरीरात एक किलो चरबी साठायची, तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० उष्मांक जास्त पोटात जावे लागतात. एका वडापावाचे साधारण ३०० उष्मांक धरले, तर नेहमीचे जेवण जेवून त्यावर आणखी पंचवीस वडापाव खाल्ल्याशिवाय हे साधणार नाही. मेजवानीत माणूस फार तर हजार-दीड हजार उष्मांक जास्त खातो. त्या सगळ्याची चरबी झाली असे मानले तरी ती सव्वाशे ते दोनशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. घरातल्या साध्या काट्यावर हा फरक धड दिसतही नाही. शिवाय रात्री पोटात गेलेले अन्न आणि पाणी यांचे स्वतःचे वजन असतेच. किलोभर खाल्ले-प्यायले, तर ते बाहेर पडेपर्यंत माणूस किलोभर जड राहणार, यात शरीरशास्त्राचाही प्रश्न येत नाही.

मिठापाठोपाठ पाणी

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५० ते ५५ टक्के असते. म्हणजे सत्तर किलो वजनाचा पुरुष आपल्यासोबत चाळीस-बेचाळीस लिटर पाणी वागवत असतो. त्यातील साधारण दोन-तृतीयांश पाणी पेशींच्या आत असते. उरलेले पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या अवतीभवतीच्या जागेत असते. पेशींच्या आत पोटॅशियमचे प्राबल्य असते, तर बाहेरच्या पाण्यात सोडियमचे. हे सोडियम येते प्रामुख्याने मिठातून. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि त्याच्या वजनात सोडियमचा वाटा सुमारे ४० टक्के असतो.

रक्तातील सोडियमचे प्रमाण शरीर अत्यंत काटेकोरपणे सांभाळते. लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या मर्यादेत ते राहावे लागते. ते फार खाली गेले किंवा फार वर चढले, तर पहिला परिणाम मेंदूवर होतो. खारट जेवण पचून रक्तात उतरू लागले की हे प्रमाण किंचित वाढते आणि परासरणाच्या नियमाने पेशींमधील थोडे पाणी बाहेर ओढले जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील पेशींना हा बदल चटकन जाणवतो. रक्ताच्या दाटपणात एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी त्यांना पुरेसा असतो. तेथून दोन आज्ञा निघतात. पहिली तहानेची. हॉटेलातून घरी परतल्यावर मध्यरात्री उठून तांब्याभर पाणी पिण्याची वेळ येते ती त्यामुळे. दुसरी आज्ञा व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामार्फत मूत्रपिंडांना जाते आणि ती असते पाणी राखून ठेवण्याची. लघवी कमी आणि गडद होते. सकाळपर्यंत रक्तातील सोडियमचे प्रमाण पूर्वीसारखे झालेले असते, परंतु त्यासाठी शरीराने एकूण पाणीच वाढवलेले असते. आमटी खारट झाली की गृहिणी तीत पाणी घालते. चव ताळ्यावर येते, पण आमटीही वाढते. शरीर नेमके हेच करते.

किती मीठ किती पाणी अडवते, याचा अंदाज रुग्णालयातील सलाइनच्या बाटलीवरून बांधता येतो. 'नॉर्मल सलाइन'च्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते, कारण शरीरातील द्रवाशी जुळणारा खारटपणा साधारण तेवढाच आहे. हे उलट वाचले, तर शरीरात नेहमीपेक्षा ९ ग्रॅम मीठ जास्त साचले की त्याच्याबरोबर जवळपास एक लिटर पाणी मुक्कामाला राहते. नऊ ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे दीड चमचे मीठ. पापड, लोणचे, रस्सा, तळण आणि नंतरचे मसाला ताक अशा एका पंगतीत एवढे मीठ पोटात जाणे मुळीच अवघड नाही. आणि एक लिटर पाणी म्हणजे काट्यावरचा एक किलो.

मूत्रपिंडांचा हिशेब

मग हे पाणी जाते कसे? येथे मूत्रपिंडांच्या कामाची व्याप्ती लक्षात घ्यायला हवी. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात विरघळलेल्या सोडियमचा मिठाच्या रूपात हिशेब केला, तर तो दीड किलोच्या आसपास भरतो. दीड किलो मीठ रोज गाळले जाते आणि त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक पुन्हा रक्तात परत घेतले जाते. उरलेले, म्हणजे आपण खातो साधारण तेवढे, लघवीवाटे बाहेर पडते. मीठ वाढले की परत घेण्याचे हे प्रमाण अगदी थोडे घटवावे लागते. त्यासाठी मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी होते आणि मीठ सोडायला लावणारे संप्रेरक वाढते. हे दुसरे संप्रेरक चक्क हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून स्रवते. रक्ताचे आकारमान वाढून हे कप्पे ताणले गेले की हृदय स्वतःच मूत्रपिंडांना मीठ सोडण्याचा संदेश देते. १९८१ मध्ये अडोल्फो डी बोल्ड यांच्या प्रयोगांतून ही गोष्ट उघड झाली, तेव्हा हृदय हा केवळ पंप आहे या समजुतीला धक्का बसला होता.

गोम अशी, की पाणी अडवणारी यंत्रणा तातडीची आहे आणि मीठ बाहेर टाकणारी सावकाशीची. तहान आणि व्हॅसोप्रेसिन काही मिनिटांत कामाला लागतात. सोडियमचा जमाखर्च जुळायला मात्र दिवस लागतात. पुढच्या जेवणांत मीठ नेहमीएवढे राहिले, तर साचलेले जादा सोडियम साधारणपणे दर दिवशी निम्म्याने कमी होत जाते. त्यामुळे रविवारच्या मेजवानीचे वजन सोमवारी सर्वांत जास्त दिसते, मंगळवारी उतरणीला लागते आणि बुधवार-गुरुवारपर्यंत काटा मूळ जागी येतो. वयोवृद्ध, रक्तदाबाचे रुग्ण आणि मूत्रपिंडांचे काम मंदावलेले लोक यांना याहून अधिक वेळ लागतो.

अर्थात शरीर म्हणजे केवळ सलाइनची बाटली नव्हे. मंगळयात्रेची रंगीत तालीम म्हणून मॉस्को येथे काही पुरुषांना महिनोन्‌महिने बंदिस्त यानसदृश जागेत ठेवण्यात आले होते. २०१० ते २०११ मध्ये ही तालीम ५२० दिवस चालली. त्यांच्या आहारातील मीठ ठरावीक प्रमाणात बदलून जर्मनीतील संशोधकांनी त्यांच्या लघवीचा दीर्घकाळ हिशेब ठेवला. सोडियमचा काही साठा त्वचेत आणि स्नायूंमध्ये पाण्याविनाही राहू शकतो, असे त्यातून दिसले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दीर्घकाळ अधिक मीठ खाणारे लोक अधिक पाणी पीत नव्हते. त्यांची मूत्रपिंडेच पाणी वाचवत होती. एका रात्रीच्या मेजवानीला मात्र तहान आणि वाढलेले पाणी हे जुने गणित चांगले लागू पडते.

न दिसणारे मीठ

प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतीय माणूस सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेशी संलग्न संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. सणासुदीचा आणि हॉटेलातील जेवणाचा दिवस या सरासरीच्या बराच वर जातो.

लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स आणि खारवलेली मासळी ही उघड खारट मंडळी सर्वांना ठाऊक असतात. फसगत होते ती जिभेला खारट न लागणाऱ्या पदार्थांत. पाव, बिस्किटे, तयार सूप, सॉस, झटपट नूडल्ससोबतची मसाल्याची पुडी यांत सोडियम भरपूर असते आणि साखर किंवा आंबटपणा त्याची चव झाकून टाकतो. खाण्याचा सोडा, पापडखार आणि अजिनोमोटो हेही सोडियमचेच क्षार आहेत. ढोकळा हलका होतो तो सोड्यामुळे आणि तो सोडाही शेवटी याच हिशेबात जमा होतो. पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

उपवासाचे शेंदेलोण आणि चाटवर भुरभुरलेले पादेलोण यांच्याविषयी मोठा गैरसमज आहे. 'हे मीठ वेगळे, याने सूज येत नाही', असे अनेक घरांत सांगितले जाते. रंग, वास आणि अंशमात्र खनिजे वेगळी असली तरी ही दोन्ही मिठे बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे तळलेले पापड आणि वेफर्स यांवर एकादशी साजरी केली, तर द्वादशीला काटा पुढे गेल्याचे आश्चर्य वाटायला नको.

पाण्याचे वजन केवळ मिठानेच वाढते असेही नाही. भात, पाव, बटाटा, गोड यांतील पिष्टमय भाग यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतो. असा साठा चारशे-पाचशे ग्रॅमपर्यंत असू शकतो. भात-पोळी सोडून आहार सुरू केला की पहिल्या आठवड्यात वजन धाडकन उतरते ते हा साठा आणि त्याचे पाणी गेल्यामुळे. 'सात दिवसांत चार किलो' छापाच्या जाहिरातींची सारी मदार याच पाण्यावर असते आणि गिऱ्हाईक पुन्हा भात खाऊ लागले की ते पाणी परत येते. अनेक स्त्रियांना मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत एखादा किलो वजन वाढल्याचा अनुभव येतो, तोही संप्रेरकांच्या चढउतारामुळे अडलेल्या पाण्याचा. रात्रभर बसून केलेल्या एसटीच्या किंवा विमानाच्या प्रवासानंतर पाय सुजतात, तेव्हा हलणे थांबल्यामुळे पाणी घोट्यांशी उतरलेले असते.

उपाय साधेच

निरोगी माणसाने अशा वेळी फारसे काही करायचे नसते, आणि नेमके तेच अनेकांना जड जाते. दुसऱ्या दिवसापासून घरचे, बेताच्या मिठाचे जेवण सुरू करावे. भाकरी, वरण, पालेभाजी, मीठ न घातलेले ताक, एखादे केळे किंवा शहाळे पुरेसे आहे. पालेभाज्या, डाळी आणि फळांतील पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम सोडण्यास मदत करते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. ते तोडल्याने मीठ बाहेर पडत नाही, उलट शरीर आहे ते पाणी अधिक घट्ट धरते. 'मीठ धुऊन काढण्यासाठी' चार-पाच लिटर पाणी रिचवण्याचेही कारण नाही. थोड्या वेळात अतिरेकी पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. चालणे उत्तम, कारण पोटरीच्या स्नायूंच्या हालचालीने पायांत उतरलेले पाणी वर ढकलले जाते. घामाने वजन उतरवण्याचे कमरपट्टे आणि वाफेच्या पेट्या मात्र खिसा हलका करतात. त्यांनी गेलेले पाणी पहिल्या दोन पेल्यांत परत येते.

वजन करायचेच, तर ते सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर करावे आणि रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. मेजवानीनंतरचे तीन दिवस काटा कपाटाखाली सरकवून ठेवला तरी काही बिघडत नाही.

सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेले मीठ आता बाजारात मिळते. नेहमीच्या मिठाऐवजी असे मीठ वापरावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये केली. मात्र ज्यांची मूत्रपिंडे क्षीण झाली आहेत, त्यांना ती लागू नाही. अशा रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम साचले, तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, म्हणून त्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे मीठ घरात आणू नये. शहाळे आणि केळ्याचा वर दिलेला सल्लाही या रुग्णांसाठी नाही.

गोळीचा मोह

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हृदयविकार, यकृताचे आजार, उच्च रक्तदाब यांत अत्यंत उपयोगी आहेत. फ्युरोसेमाइड हे त्यांतील सर्वांत परिचित औषध. गोळी घेतल्यावर तासाभरात ते काम सुरू करते आणि सुमारे सहा तास त्याचा अंमल राहतो. काट्यावरचा आकडा दुपारपर्यंत खाली येतो, म्हणूनच मोह होतो. पण ही गोळी पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही वाहून नेते. पायांत गोळे येणे, उठताना भोवळ, हृदयाची लय बिघडणे हे त्याचे परिणाम असतात. वारंवार घेतल्यास शरीर पाणी राखण्याची यंत्रणा अधिक जोमाने चालवू लागते. मग गोळी थांबवताच सूज पूर्वीपेक्षा वाढून परत येते आणि ती घालवण्यासाठी पुन्हा गोळी घेतली जाते. अनेकांना या चक्रातून बाहेर पडायला वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज शेन वॉर्न याला २००३ च्या विश्वचषकातून सलामीच्या सामन्याच्या तोंडावर मायदेशी परतावे लागले, ते अशाच गोळीमुळे. सडपातळ दिसण्यासाठी आईने दिलेली गोळी आपण घेतली, असे त्याचे म्हणणे होते. उत्तेजकांच्या खुणा लघवीत लपवण्यासाठी या गोळ्यांचा वापर होऊ शकत असल्याने त्या खेळाडूंना वर्ज्य आहेत. वॉर्नवर वर्षभराची बंदी आली.

पाण्याच्या वजनाशी झुंजणे किती कठीण असते, हे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये साऱ्या देशाने पाहिले. कुस्तीगीर विनेश फोगाट हिने ५० किलो गटात ६ ऑगस्टला तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. लढतींच्या दरम्यान घेतलेले थोडे अन्न आणि पाणी यांनी संध्याकाळी तिचे वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरले, असे भारतीय पथकाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितले. रात्रभर व्यायाम, घाम, अन्नपाणी बंद, अखेर केसही कापले गेले. तरी सकाळी काटा १०० ग्रॅम वर राहिला आणि ती अपात्र ठरली. त्यानंतर तिला शिरेतून द्रव द्यावे लागले. निष्णात डॉक्टर आणि प्रशिक्षक दिमतीला असताना ही अवस्था झाली.

हे पाणी साधे नव्हे

खारट जेवणाचे पाणी दोन-तीन दिवसांत जाते. जे जात नाही, त्याकडे मेजवानीचा परिणाम म्हणून दुर्लक्ष करणे महागात पडते. घोट्याच्या वर नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरल्यावर खळगा पडत असेल आणि आठवडाभर तसाच पडत राहिला, तर तपासणी आवश्यक आहे. सकाळी चेहऱ्यावर सूज आणि लघवीला साबणासारखा फेस, ही मूत्रपिंडांतून प्रथिने वाया जात असल्याची खूण असू शकते. आडवे झाल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे, चार पायऱ्यांत दम लागणे ही हृदय थकल्याची चिन्हे आहेत.

काही वेळा कारण औषधाच्या डब्यात सापडते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड्स मीठ-पाणी अडवतात. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, तर मधुमेहाच्या पायोग्लिटाझोननेही सूज येते. यांपैकी नियमित चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर मात्रा बदलतात किंवा पर्याय देतात.

हृदयाचे काम मंदावलेल्या रुग्णांसाठी तर वजनकाटा हे निदानाचे साधन आहे. त्यांनी रोज सकाळी वजन करून ते वहीत लिहावे, असे डॉक्टर आवर्जून सांगतात. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसली, तर धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे असते, मग आदल्या दिवशी घरी लग्न असो की दिवाळी. गरोदर स्त्रीला चेहरा व हातांवर अचानक सूज आली, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायला हवा. आणि सूज दोन्ही पायांऐवजी एकाच पायाला असेल, पोटरी दुखत व गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी पाय चोळत न बसता थेट रुग्णालय गाठावे.